थप्पीआडची हातगाडी

माझे सासरे मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. कर्वेनगरच्या फ्लॅटमधून मी सुरू केलेल्या धंद्याला ते 'सूनबाईंचं बिनतारी खूळ' म्हणत. तरी पहिलं काम त्यांनीच दिलं. गाळ्यातली हातगाडी कुठे आहे, ते पडद्यावर दिसलं पाहिजे. गाडीला एक चिप, भिंतींवर सहा डबे. चिपची हाक डब्यापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढायचं.

यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी, निवांत मिळतं म्हणून, मी सगळं जुळवलं. गाळा रिकामा, गाडी पडद्यावर अगदी जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी ट्रक आले, ढेपांच्या थप्प्या छताला टेकल्या आणि गाडी दिसायला लागली थेट भिंतीपलीकडे.

"सूनबाई, आपली गाडी शेजारी नांदायला गेली वाटतं," सासरे म्हणाले. "संध्याकाळपर्यंत परत आणा, नाहीतर डबे उतरवा."

डबे उतरले असते तर यार्डभर हसं झालं असतं. मग दुसरं गिऱ्हाईक कुठलं यायला? अस्सा राग आला मला. लॅपटॉप घेऊन तिथेच, गुळावरच्या माश्यांत, ठाण मांडलं. प्रत्येक डब्याला काय ऐकू येतंय ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माझा प्रोग्रॅम सगळ्यात मोठी हाक खरी धरत होता. रिकाम्या गाळ्यात ते खपून गेलं. आता ओलसर गुळातून येणारी सरळ हाक पार दबली होती, आणि छताच्या पत्र्यावर आपटून उशिरा येणारीच मोठी झाली होती. उशीर म्हणजे जास्त अंतर, म्हणून गाडी शेजारी.

मग नियमच बदलला. पहिलीच हाक दणदणीत आली, तर वाट मोकळी. त्या डब्याचं ऐकायचं. पहिली दबकी आणि मागची मोठी, तर मध्ये थप्पी. त्याच्या शब्दावर विसंबायचं नाही.

संध्याकाळी सासरे स्वतः गाडी ढकलत आत गेले, कुठे ते न सांगता. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.

"बाबा, मागच्या भिंतीशी, डाव्या कोपऱ्यात. आणि आता हळूच उजवीकडे सरकवताय."

पडद्यावरची गाडी जागच्या जागी थांबली. मला तर तिथेच फुगडी घालावीशी वाटत होती. सासरे टोपी झटकत बाहेर आले, माझ्याकडे न बघता त्यांनी शेजारच्या व्यापाऱ्यांना फोन लावला.

"अहो, उद्या आमच्या सूनबाई येतील तुमच्याकडे डबे लावायला. आणि हो, गाळा रिकामा करू नका. भरलेलाच राहू द्या."