मामाजींचा हिमचंपा

मी माझ्या सासऱ्यांचा धुरा फोडला होता.

आमच्या तिरोड्याकडे धानाच्या बांधीचा धुरा फोडणं म्हणजे काय, ते इथल्या लोकांना सांगायला नको. दुसऱ्याने मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी सोडून दिलं की सख्खे भाऊसुद्धा एकमेकांच्या दारात जात नाहीत.

मी तर सून. तीही गोंदिया शहरातली, अर्धी हिंदी बोलणारी, सायन्सची मास्तरीन.

सासऱ्यांना, आमच्या मामाजींना, जाऊन आज वर्ष झालं. म्हणून लिहितेय.

भांडण एका झाडावरून होतं.

मामाजी नणंदेकडे जबलपूरला गेले होते. लोक तिकडून संगमरवराच्या मूर्ती आणतात. यांनी हिमचंपा आणला. मॅग्नोलिया. हातभर कलम, ट्रेनमध्ये अख्खा रस्ता मांडीवर.

"ताटाएवढं पांढरं फूल येते म्हणते याले. विहारात बुद्धासमोर ठेवू."

आणि मग जन्मभर धान पिकवलेल्या माणसाने जे करायचं तेच केलं. अंगणात झाडाभोवती गोल धुरा घातला आणि आत घोटाभर पाणी भरून ठेवलं. रोज. आमची माती कन्हार, एकदा पाणी धरलं की सोडायचं नावच नाही.

पानं पिवळी पडायला लागली. मामाजींनी पाणी वाढवलं.

"मामाजी, मुळं सडतील. हे काय धान आहे का?"

"पाण्यानं कोणी मरते का व? सुकून मरते."

मी बॉटनीवाली. माझं डोकं फिरलं. एका दुपारी ते विहारातल्या मीटिंगला गेले आणि मी खुरपं घेऊन धुरा फोडला. पाणी वाहत वाहत थेट गल्लीत गेलं. परत येताना त्यांनी ते रस्त्यातच पाहिलं.

"माह्या धुऱ्याले हात कायले लावला?"

बस. एवढंच. त्यानंतर बोलणं बंद.

मी समोर चुलीपाशी... म्हणजे गॅसपाशी उभी, आणि ते नवऱ्याला सांगणार, "प्रशांत, चहा पायजे म्हणून सांग तिले." प्रशांत बिचारा दोन्हीकडे बघायचा आणि स्वतःच चहा टाकायचा.

मला वाटलं होतं दोन दिवसांत निवळेल. नाही निवळलं. मी रडलेसुद्धा, पण अकड काही सोडली नाही. मनात एकच धास्ती, झाड मेलं तर हा माणूस माझ्याशी पुन्हा कधीच बोलणार नाही.

तीन आठवड्यांनी शेंड्याला एक टोकदार कोंब दिसला.

मामाजींनी तो पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला. मग फावडं आणलं आणि उरलेला धुरा स्वतःच सपाट केला.

दारात येऊन म्हणाले, "मास्तरीन, पाणी कवा द्याचं याले?"

मी म्हटलं, "बोट खुपसून पाहायचं. दोन पेरं माती सुकली की द्यायचं."

त्या दिवसापासून मामाजींचं बोट कायम मातीने भरलेलं. मे महिन्यात झाडावर जुन्या लुगड्याची सावली, बुडाशी धानाच्या तणशीचा थर, तोही खोडाला न चिकटवता. कोणी काही विचारलं की, "आमची मास्तरीन असं सांगते."

सदाहरित झाडाची पानं गळत नाहीत असं लोकांना वाटतं. बारा महिने गळतात. वरून चकचकीत हिरवी, खालून गंजलेल्या पत्र्यासारखी. मी झाडताना चिडायचे आणि मामाजी खाटेवर बसून हसायचे.

चौथ्या वर्षी फूल आलं.

हात लागला की पाकळीवर डाग पडतो, हे मी सांगून ठेवलेलं. म्हणून मामाजी हात पाठीमागे बांधून तासभर नुसते बघत उभे राहिले. मग कात्रीने देठासकट कापलं, स्टीलच्या तांब्यात ठेवलं आणि विहारापर्यंत चालत गेले. रस्त्यात लोक विचारत होते, "कमळ हाय का? पिलास्टिकचं हाय का?"

परत आल्यावर म्हणाले, "तू लावलं म्हणून सांगतलं मी सगळ्यायले."

मी नव्हतं लावलं, मामाजी. तुम्ही लावलं होतं.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, श्वास लागायला लागला. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. दिवसाला एक लिटर, चहा आणि वरण धरून.

ते माप माझ्या हातात होतं.

गोंदियाचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. जीभ कोरडी पडायची त्यांची. प्रशांतकडे मागायचे, शेजाऱ्यांकडे मागायचे. माझ्याशी मात्र वाद घालत नसत. मी बाटली उजेडात धरून बघायचे आणि ते माझ्या तोंडाकडे बघायचे.

शेवटच्या दिवशी सकाळी अकरा वाजता म्हणाले, "अर्धा गिलास दे ना व, मास्तरीन."

बाटलीत थोडंसंच उरलं होतं आणि अख्खा दिवस जायचा होता.

मी म्हटलं, "संध्याकाळी देते, मामाजी."

त्यांनी मान हलवली.

"बरं. तुले समजते."

चार वाजता मामाजी गेले.

नंतर डॉक्टर मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. त्या अर्ध्या ग्लासाने काहीच फरक पडला नसता."

ते मला धीर द्यायला म्हणाले होते. मी घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडले. काहीच फरक पडणार नव्हता, तर देता आला असता ना.

वर्षभर हे कोणालाच सांगितलं नाही. प्रशांतलाही नाही. आज इथे वाचेल तो.

सकाळी हिमचंप्याला तीन फुलं होती. एक विहारात ठेवून आले. दोन झाडावरच ठेवलीत.

मामाजी, तुम्ही शेवटपर्यंत माझ्यावर भरवसा ठेवलात.

मला समजत नव्हतं, मामाजी.

द्यायला हवं होतं मी.

जयभीम.