उलटायचं राहिलेलं पान

माझा नवरा कोकणात गेला तेव्हा एक पुस्तक अर्धं वाचून कपाटावर ठेवून गेला होता. पुस्तक भुताचं होतं. त्यांना भुताचीच पुस्तकं आवडायची. भाटघरच्या धरणात या काठावरून त्या काठाला पोहून जाणारा माणूस, पण पुस्तक वाचून झालं की मधल्या खोलीतला दिवा बंद करायला मलाच उठावं लागे. मी चिडायचे. एवढी भीती वाटते तर वाचता कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "अगं, भीती वाटावी म्हणूनच तर वाचायचं."

ते वरव्याजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. जाता-येता एसटीत वाचायचे आणि खूण म्हणून त्या दिवसाचं तिकीट पानांत घालायचे. मार्गशीर्षात कारखान्यातले सहा जण वरंध घाट उतरून समुद्रावर गेले. पाण्यात तिघं उतरले, दोघं बाहेर आले. हे आले नाहीत. त्यातल्या एकाने मला नंतर सांगितलं, "वहिनी, आम्ही नको म्हणत होतो. ते म्हणाले, मी धरणातला आहे, मला पाणी काय सांगता." मला त्या वाक्याचा इतका राग आला की रडायलाच सुचेना.

होड्या चार दिवस शोधत होत्या. मी आणि माझी सासू तिथेच होतो. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्यांनी त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं, "पानी कवा उतरतं हितलं?"

"रोज दोनदा, आजी," तो म्हणाला.

आत्यांच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला. आमच्या धरणाचं पाणी वर्षातून एकदा उतरतं. उन्हाळ्यात बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, पायऱ्या दिसतात, शेताचे बांधसुद्धा दिसतात. आमच्या भागात पाण्याखाली गेलेलं पुन्हा दिसतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. इथे तर रोज दोनदा उतरतंय, मग सापडायला किती वेळ लागणार? आत्या तीन दिवस वाळूत बसून ओहोटी बघत होत्या. आणि खोटं कशाला सांगू, मीही त्यांच्या शेजारी बसून तेच बघत होते.

चौथ्या दिवशी होड्या थांबल्या आणि आम्ही घाट चढून घरी आलो.

नणंद वेल्ह्याला दिलेली आहे. तिचा फोन आला. तिने गुरुजींना विचारलं होतं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग दहावं, तेरावं, सगळं रीतसर. "नाहीतर दादा मधेच लटकून राहील गं," ती रडत म्हणाली. "तू आईला समजाव."

मी म्हणाले, "त्या तयार नाहीत. आत्ता नको."

मी आत्यांना काही विचारलं नव्हतं. त्या मागच्या दारात भांडी घासत होत्या. पण मला ते इतकं उघड वाटत होतं की विचारायची गरजच पडली नाही. पुढचे तीन-चार फोन आले, त्यांनाही मी हेच उत्तर दिलं.

संक्रांतीला हळदीकुंकू आलं. मला बोलावणं आलं, कारण न बोलवावं तर मी विधवा असं ठरलेलं नव्हतं, आणि बोलवावं तरी पंचाईत. मी गेले, मंगळसूत्र घालून, हिरव्या बांगड्या घालून गेले. त्या घरच्या बाईने माझ्या कपाळाकडे कुंकवाचं बोट आणलं आणि ते तिथेच थांबलं. तिने शेजारणीकडे पाहिलं. मग हळदीचंच बोट लावलं आणि वाण माझ्या हातात कोंबून ती पुढच्या बाईकडे वळली. मी घरी येऊन ते वाण परसात फेकलं. तिळगूळ मुंग्यांनी नेला.

माघात कधीतरी आत्यांनी कपाट पुसताना ते पुस्तक खाली काढलं. त्यांना वाचता येत नाही. तिकीट बघून त्यांनी विचारलं, "ह्यात त्यो कुठवर आल्ता?"

"हितवर," मी बोट ठेवलं. त्यांच्याशी बोलताना माझीही जीभ वळते.

"मंग पयल्यापासनं वाच. त्यानं वाचलंय तेवडं आपुन बी वाचू. मंग म्होरलं."

"आत्या, भुताचं आहे."

"आसू दे की. भुतं काय मला खात्यात?"

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं उरकली की मी वाचायचे. आत्या सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायच्या. त्यांची एक पद्धत होती. मी पान उलटलं की त्या पोत्यातून नवा पसा सुपात घ्यायच्या. तेवढ्या पानात तेवढा पसा निवडून व्हायचा. गोष्टीत काही भयंकर आलं की सूप थांबायचं, आणि पुढच्या पानाला त्या भराभर हात चालवून भरपाई करायच्या. मी त्यांना चिडवायचे, "आत्या, आज खडे तसेच राहिले वाटतं." त्या हसायच्या नाहीत, पण रागवायच्याही नाहीत.

गोष्ट अशी होती. समुद्राकाठी एक बाई असते, तिचा नवरा बुडतो. तिसऱ्या दिवशी तो मागच्या दाराने घरात येतो. तिला आनंद होतो. ती त्याचं ताट वाढते, पण तो जेवत नाही, नुसता ताटाकडे बघत बसतो. त्याच्या खुर्चीखाली पाणी साचतं. ती पुसते, पुन्हा साचतं. रोज तो त्यांच्या संसारातली एकेक गोष्ट विसरत जातो. आधी अंगणातल्या झाडाचं नाव, मग लग्नाचा दिवस, मग तिचा चेहरा. आणि रोज समुद्र घराच्या दिशेने एकेक पाऊल सरकतो. तरी ती त्याला जा म्हणत नाही. ती म्हणते, विसरू दे, घरात तर आहे.

या वाक्याला आत्यांचं सूप बराच वेळ थांबलं होतं.

ज्या दिवशी तिकिटाचं पान आलं, त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून मांडीवर ठेवलं, वाचलं आणि संपल्यावर ते पुन्हा त्याच जुन्या पानात घातलं. ते पुढे सरकवायला माझा हात धजेना. यांनी न वाचलेली पानं मी वाचत होते आणि त्यात चोरी केल्यासारखं वाटत होतं.

शेवट काय आहे ते मी एकदा स्वयंपाकघरात आधीच वाचून घेतलं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. त्या गोष्टीतल्या नवऱ्याला आपण मेलो आहोत हेच माहीत नसतं. त्याला ते बायकोने सांगायचं असतं. तिने तोंडाने म्हटल्याशिवाय त्याची सुटका नाही, आणि तोवर समुद्र उंबऱ्याशी येऊन ठेपलेला असतो. शेवटच्या प्रकरणात ती त्याला समोर बसवते आणि सांगते.

दुपारी मी वाचायला बसले. त्या वाक्यापर्यंत नीट आले. आणि मग माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी यायला लागलं. मी म्हणाले, त्याने ताट पुढे ओढलं. पहिला घास घेतला. त्याचे केस वाळले. त्याने तिला नावाने हाक मारली. समुद्र मागे मागे गेला आणि अंगणातलं झाड पुन्हा दिसायला लागलं. पुस्तक माझ्या हातात उघडं होतं आणि मी त्यात बघत भलतंच बोलत होते. किती वेळ बोलले कोण जाणे. शेवटी म्हणाले, "संपलं."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं जालं," असं म्हणून त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

मी स्वतःची समजूत घातली की म्हातारीवर दया केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी दोन भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधलं आणि त्या पाण्याकडे निघाल्या. मी विचारलं, "कुठं?" म्हणाल्या, "आलीच." त्याच्या पुढच्या दिवशीही गेल्या. मग रोजच जायला लागल्या. चैत्र संपत आला होता, पाणी खूप खाली गेलं होतं, देऊळ उघडं पडलं होतं. शेजारणीने मला सांगितलं की त्या देवळाच्या पायरीवर भाकरी मांडून बसतात. मी एका बाईला वेड लावलं होतं. तिचा मुलगा गेला तो गेलाच, आता तिचं डोकंही मीच घालवलं होतं. आणि मला स्वतःचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. राग आला की मी समोरच्यावरच काढते, हा माझा जुना दोष आहे.

तिसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन त्यांच्या मागे गेले. चिखल वाळून तडकला होता, चपला रुतत नव्हत्या. चालताना मी मनात बोलायची तयारी करत होते. आत्यांना सांगणार होते की हे पाणी नीरेत जातं, नीरा भीमेत, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा पार पलीकडच्या, उगवतीच्या समुद्रात. हे बुडाले तो समुद्र मावळतीचा, घाटाखालचा. आपलं पाणी त्या समुद्राला भेटतच नाही, मग तुम्ही इथे कुणाची वाट बघता? मी भोरची, शाळेत भूगोल शिकलेली. अशा वेळीही मला भूगोलच सुचला.

आत्या पायरीवर बसल्या होत्या. फडकं उघडं होतं. त्या शांतपणे भाकरी खात होत्या.

मी तिथूनच ओरडले, "आत्या, मी खोटं वाचलं! तो परत येत नाही. गोष्टीत तसं नाहीच आहे."

"म्हाईत हाय मला," आत्या म्हणाल्या. "बस. उन्हात हुबी राहू नगंस."

मी बसले.

"म्या शिकल्याली न्हाई, पर डोळं हायती की मला. त्या दिशी सुपात येकच पसा हुता. त्यो निवडून संपला, म्या रिकामं सूप हालवीत बसली. तू बोलतीयास, बोलतीयास, आन पान हाय तितंच."

"मग तुम्ही रोज भाकरी का आणता इथे?"

"आता काय सांगू. म्हनलं, पोरीला त्यो याया पायजे हाय. तिनं येवडी गोष्ट रचली, आन म्या घरात ढिम्म बसली तर तिला वाटंल, म्हातारीनं आशा सोडली. म्हनून यायची. मांडून बसायची. मंग म्याच खायाची." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "अन्न टाकून कसं चालंल?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

"आत्या, पण गुरुजींचं ते तुम्हालाच तर नको..."

"म्या कवा नगं म्हनली?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला कुनी इचारलंच न्हाई. तू फोनवर म्हनलीस, त्या तयार न्हाईत. म्या भांडी घाशीत ऐकत हुती. म्हनलं, पोर माज्या नावानं वाट बगतीया. बगू दे बापडीला." मग त्या पाण्याकडे बघत हळू म्हणाल्या, "तीन दिसांत सा बारी पानी उतरल्यालं बगितलं म्या तितं. साव्या बारीला कळलं मला. ते पानी आपल्यावानी न्हाई."

म्हणजे वाळूतून उठतानाच आत्यांना कळलं होतं. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत ही बाई आपल्या मुलाचं दुःख पोटात घालून माझी वाट बघत होती, आणि मी लोकांना सांगत होते की त्या तयार नाहीत. मला इतकी लाज वाटली की मी मान वर करू शकले नाही.

"वाच आता," त्या म्हणाल्या. "हाय तसं वाच."

मी पुस्तक उघडलं. ते वाक्य पानाच्या तळाला होतं. मी तिथपर्यंत आले, थांबले, पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा थांबले. आत्यांनी घाई केली नाही. तिसऱ्यांदा मी वाचलं. "तू बुडालास. तू मेला आहेस. मी इथे आहे, आणि तू नाहीस." आणि मी पान उलटलं. आत्यांच्या पुढ्यात तांदूळ नव्हते. त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला.

पुस्तक मिटल्यावर मी म्हणाले, "आत्या, हे गेले."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि मला जवळ ओढलं. मग आम्ही दोघी तिथे मोठमोठ्याने रडलो. पाण्यात उतरलेल्या म्हशीसुद्धा माना वर करून बघत होत्या.

घरी येऊन मी वेल्ह्याला फोन केला. नणंदेने विचारलं, "आई झाली का तयार?" मी म्हणाले, "त्या कधीच्याच तयार होत्या. मी नव्हते."

नदीकाठी गुरुजींनी पानांचा माणूस बांधायला घेतला. त्यांनी विचारलं, उंची किती धरायची? मी सांगायच्या आत आत्या उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एक वीत वर उचलला. हात तिथेच राहिला. गुरुजी थांबले, आम्ही सगळेच थांबलो, आणि हात खाली घ्या असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

आम्हाला मूलबाळ नाही, दीर नाही. म्हणून पुढे मीच बसले. गुरुजी म्हणाले, गेलेल्याचं नाव घ्या, स्पष्ट घ्या. संसारात मी त्यांना अहो म्हणायचे. नाव घेतलं होतं ते लग्नातल्या उखाण्यात, आणि तेव्हा सगळा मांडव हसला होता. मी नाव घेतलं. आवाज नीट आला नाही. मागून आत्या म्हणाल्या, "आजून येकदा घे पोरी, त्याला आयकू गेलं पायजे." मी पुन्हा घेतलं, मोठ्याने.