दोन नंबरला माझं नाव

साल २०२२. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात. शाळा दोन इयत्ता झालेली, पण सही करतो, अंगठा कधी दिला नाही.

आमच्या घरी सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. ओट्यावरून आत जायचं तर मी आधी खाकरायचो, म्हणजे तिनं पदर सावरावा, बाजूला व्हावं. काही सांगायचं असलं तर ती माझ्या म्हातारीजवळ, तिच्या सासूजवळ सांगायची. म्हातारी गेली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मग सून मांजरीजवळ सांगायला लागली. "मांजरे, चहा थंडा होऊन राह्यला." मी चहा प्यायचो. "मांजरे, तेल सरलं." मी तेल आणायचो. नात शिकायला जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात. घरात आम्ही तिघं आणि मांजर.

माझा मुलगा बायकोला मारायचा. आधीपासूनच मारायचा, पण म्हातारी मधात पडायची. ती गेल्यावर मधात कोणी राहिलं नाही. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला आवाज सुरू झाला की मी उठून गोठ्यात जायचो आणि बैलांना चारा टाकायचो. गव्हाण भरलेली असली तरी टाकायचो. गावातले लोक म्हणायचे, तुमचे बैल मोठे मस्त हायेत. मी म्हणायचो, हाय, निगा राखतो.

त्या वर्षी पेरणी झाल्यावर त्यानं तिला बैलाच्या कासऱ्यानं मारलं. ती चुलीजवळ पडली, मनगट मोडलं. सकाळी ती म्हणाली, "मांजरे, मी आदिलाबादले जाऊन राह्यली. भाकरी टोपल्यात हायेत." पहिल्या बसनं गेली, संध्याकाळी हाताला पलस्तर करून आली. दवाखान्याच्या पुढं ती आणखी कुठं गेली होती ते तिनं मांजरीलाही सांगितलं नाही.

वीस दिवसांनी कोर्टाचा कागद आला. सगळा तेलुगूत. शेजारी मास्तर राहतात, रिटायर झालेले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. कागद घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला.

"भाऊ, तुमच्या सुनेनं संरक्षण मागतलं. नवऱ्यानं मारू नये, घरातून काढू नये, त्यालेच घराबाहेर ठेवा म्हणते. सामनेवाला नंबर एक, तुमचा पोरगा."

"बरं."

"नंबर दोन, तुमी."

"मी? मी कवा हात उचलला?"

"मले काय इचारता? कागदाले इचारा."

मला राग आला. गावात चार लोक वाद मिटवायला मला बोलवत होते, आणि माझं नाव आरोपीसारखं लिहिलेलं. दोन दिवस मी सुनेच्या हातचं खाल्लं नाही. स्वतः भाकरी थापली. एक जळाली, एक कच्ची राहिली, दोन्ही खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी ती दाराआडून बोलली. "मांजरे, नाव मी नाही घातलं. दवाखान्यातून मी बायांच्या हापिसात गेली, तिथल्या बाईनं इचारलं, घरात कोण कोण असते? मी सांगतलं. सासरा मारते का? मी म्हणलं, नाही. मग तवा सासरा कुठं असते? मी म्हणलं, गोठ्यात. तिनं लिवून घेतलं." मग म्हणाली, "वकील म्हणे, नाव काढता येते. पेशीले काढून टाकू."

मांजर तिथं नव्हतीच.

मी ओट्यावर बसून राहिलो. मुलगा चाळीस वर्षांचा, पण मी खाकरलो की आजही बिडी विझवतो. लहानपणापासूनची सवय आहे त्याची. घरात पाय टाकायच्या आधी मी रोज खाकरत होतो, सुनेचा पदर नीट असावा म्हणून. आवाज सुरू झाल्यावर मात्र मी एकदाही खाकरलो नव्हतो. तोंड बंद करून गोठ्यात जात होतो. त्या दिवशी तिच्या हातची भाकर मी मागून घेतली.

कोर्टात पेशी होती त्या दिवशी मुलाच्या वकिलानं मला पायऱ्यांवर चहा पाजला. "बाबा, एवढंच बोला. घरात शांतता हाय, सुनेले घर पाह्यजे म्हणून हे नाटक हाय." माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मुलगा बाजूला उभा होता. म्हणाला, "बा, इसरू नका." मी म्हणालो, "मी काही इसरत नाही."

आत न्यायाधीश बाई होत्या. त्यांचं तेलुगू तिथला कारकून मराठीत करून सांगायचा. तो मूळचा किनवटकडचा. सुनेच्या वकिलानं उठून सांगितलं, दोन नंबरचं नाव काढायचा अर्ज आहे.

मी म्हणालो, "राहू द्या."

कारकून हळूच म्हणाला, "अहो बाबा, सुटून राह्यले तुमी."

"राहू द्या म्हणलं ना."

बाईंनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? मी सांगितलं, "पोरगा मारते. कासऱ्यानं मारलं, मनगट मोडलं. मी ऐकलं." थांबवलं का? "नाही. मी खाकरलो असतो तर थांबला असता. खाकरलो नाही, बैलाले चारा टाकत होतो."

कारकुनानं ते तेलुगूत बराच वेळ सांगितलं, माझ्या बोलण्यापेक्षा जास्त. बाईंनी पेन खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं, मग लिहिलं. सून मागं बाकावर पदर घेऊन बसली होती. मुलाकडं मी पाहिलं नाही.

हुकूम मिळाला तेव्हा दुपार टळली होती. बसमध्ये ती पुढं बायकांच्या जागेवर, मी मागं. मुलगा मोटरसायकलनं पुढं निघून चुलतभावाकडं उतरला, आमच्यापासून सहा घरं सोडून.

मास्तरांनी हुकूम वाचून दाखवला. "त्यानं घरात पाय ठेवायचा नाही, तिले हात लावायचा नाही. नंबर दोननं त्याले साथ द्यायची नाही."

"आणि त्यानं ठेवला पाय तर?"

"ठाण्यात जायचं."

"ठाणं पंधरा किलोमीटर."

"हो," मास्तर म्हणाले, "आणि मधात तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात होतो. आतून भाकर थापल्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला. मी वळून पाहिलं. मुलगा कवाड लोटून उभा, एक पाय आत, तोंडात बिडी. हातातली पेंडी खाली टाकून मी अंगणात आलो आणि खाकरलो.

त्यानं बिडी टाकली, चपलेनं विझवली. पाय मागं घेतला.

"बा, बैल न्याले आलो. कपाशीत गवत झालं, डवरा मारायचा हाय."

"बैल मी नेतो."

"तुमच्यानं डवरा होत नाही आता."

"काऊन होत नाही?"

"पडसान."

"पडलो तर उठीन. तू कवाडाच्या बाहेर राह्य."

तो उभाच राहिला. माझ्या मागं स्वयंपाकघराकडं पाहत होता. घशात काही नव्हतं तरी मी पुन्हा खाकरलो, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असा. तो पाठ फिरवून चुलतभावाच्या घराकडं गेला. मी कवाडाला आतून कडी घातली.

भाकर थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग आतून सून म्हणाली, "मामाजी, दोन भाकरी बांधू का तीन?" मांजरीला नाही, मला.

"तीन," मी म्हणालो.

मी येईपर्यंत ओट्यावर बसून राहायला मास्तरांना हाक मारली. ते पेपर घेऊन आले. मग डवरा खांद्यावर घेतला, बैल सोडले आणि वावरात गेलो. उन्हं डोक्यावर येईपर्यंत कपाशीच्या ओळींतून डवऱ्याची आठ तासं मारली. वाकडी गेली.