फादरना आम्ही सांभाळलं

आमच्या वटार गावात फादरांचे लाड फार. वाडीतला पहिला केळीचा घड चर्चशेजारी त्यांच्या बंगल्यावर जायचा, सणाचं पहिलं ताट बंगल्यावर, आणि भर उकाड्यातही त्या बिचाऱ्यांच्या अंगावर आम्ही शाल घालायचो.

मी चर्चमध्ये पेटी वाजवतो, त्यामुळे सगळ्यांत आधी माझ्याच लक्षात आलं. मिस्साची प्रार्थना चालू असताना फादर मध्येच थांबायचे. पुस्तक समोर उघडं, पण पुढची ओळ काही सापडायची नाही. बिशपांच्या कानावर गेलं तर यांना म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या निवासात पाठवतील, ही आम्हाला धास्ती. माझं लग्न त्यांनीच लावलेलं. त्यांना जाऊ कसं द्यायचं?

कुणी ठरवलं नाही, पण सगळा गाव कामाला लागला. फादर अडले की मी सूर धरायचो आणि गायन सुरू व्हायचं. ते संपेपर्यंत त्यांना ओळ सापडायची. 'आमच्या बापा' ही प्रार्थना आम्ही मुद्दाम सावकाश म्हणायचो, त्यांना गाठता यावं म्हणून. एकदा ते द्राक्षारसात पाणी घालायला विसरले, तर पहिल्या बाकावरून अर्नाळ्याची म्हातारी ओरडली, "फादर, पानी! पानी ऱ्हायलं!" फादरसुद्धा हसले. फ्लॅटमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबांना वाटलं, इथली रीतच असेल. तीही भलत्याच ठिकाणी गाऊ लागली.

चर्च इतकं एकजीव मी पुन्हा पाहिलं नाही. एकाने सुचवलं होतं, फादरांशी नीट बोलू या. मी त्याच्यावर खेकसलो, "त्यांना घालवायची एवढी घाई?" त्याने पुढे माझ्याशी बोलणंच टाकलं.

मग माझी आई अंथरुणाला खिळली. फादर आले. पापनिवेदनासाठी खोलीत ते दोघंच राहिले आणि आम्ही ओटीवर चहा घेत बसलो. बराच वेळ झाला. मी बायकोला म्हटलं, "बघ, किती मनापासून करतायत!" बाहेर आल्यावर फादरांनी चहाही घेतला नाही. त्याच आठवड्यात आई गेली.

तिच्या महिन्याच्या मिस्सानंतर फादरांनी मला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. निवासात जाण्यासाठी त्यांनी स्वतःच बिशपांना पत्र लिहिलं होतं. मी चिडलोच.

"फादर, आम्ही आहोत ना! तुम्ही अडलात की आम्ही सांभाळून घेतो."

"चर्चमध्ये घेता रे. तुझ्या आईच्या खाटेपाशी मी एकटाच होतो."

ते खुर्चीत बसले.

"क्षमेचे शब्द आठवेनात. पुस्तकात बघितलं तर अक्षरं लागेनात. शेवटी तिनेच माझा हात धरला आणि एकेक शब्द मला सांगितला. धाप लागली होती तिला, तरी थांबली नाही."

मला तोंड वर करवेना. फादर, तुम्ही थकलात, आता बसा, एवढं म्हणायला आमच्यातलं कुणी पुढे झालं नव्हतं, आणि जो होणार होता त्याला मी गप्प केलं होतं. त्या दिवशी आत माझी आई धापा टाकत फादरांना सांभाळत होती, आणि बाहेर मी त्यांचं कौतुक करत चहा पीत होतो.