बॅनरवरचा कट्टा

स्पंजच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका मी घरीच बनवतो. त्यासाठी पाइप, फवारणी पंपातली जुनी स्प्रिंग आणि गादीतला गुलाबी स्पंज एवढंच लागतं. परवा एकीची नळी दोन बोटं कापली, तर गोळी अंगण ओलांडून गोठ्याच्या पत्र्यावर आदळली. मी खुशीत होतो, तेवढ्यात तेलगावहून मेव्हणा आला. गोळी किती लांब जाते, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

"दाजी, हिला काळा रंग मारा की. कट्टा वाटंल. वाढदिवसाच्या बॅनरला लई भारी दिसंल."

कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. अंगावरची माशी हलत नाही आणि ह्याला कट्टा पाहिजे! मी नाही म्हणालो, तर न विचारता घेऊन गेला आणि स्वतःच रंगवली.

आठवड्यानं चौकात त्याचं बॅनर लागलं. डोळ्याला गॉगल, नावापुढं 'भाऊ', बंदूक थेट बघणाऱ्यावर रोखलेली आणि नळीच्या तोंडात माझ्या गादीचा गुलाबी स्पंज.

"कसा दिसतोय, दाजी?" भाऊंचा फोन आला.

"लई डेंजर. फक्त बूच काढायचं राहिलं."

"कशाचं बूच?"