शेवटच्या प्लेटमधल्या पेशी

"ह्या प्लेटमधल्या पेशीपण ट्रिप्सिनने सुट्या करा, गायकवाड मॅडम," डॉ. सामंत म्हणाले.

"सर, ही शेवटची प्लेट आहे. बाकीच्या तशाच मेल्या."

आर्या, निहार, ऐका मुलांनो, तेव्हा मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये होते. प्लेटमध्ये मानवी भ्रूणापासून मिळालेल्या मूळपेशी होत्या, म्हणजे स्टेम सेल्स. त्या दुभागून आपल्यासारख्याच पेशी करत राहतात. इशारा मिळाला की हृदयाची, मेंदूची, कसलीही पेशी होऊ शकतात. पहिला गुण विरजणासारखा: चमचाभर राखले की रोज नवे दही. आमचे विरजणच संपत आले होते. ते गेले की लॅबला पैसे पुरवणारे शेठ कुलूप लावणार होते.

सामंत माझे बॉस. हुशार माणूस, पण उमेदीची सगळी वर्षे उंदरांच्या पेशींवर गेलेली. त्या पेशी ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने एकेक सुट्या केल्या तरी मजेत वाढतात.

"मेलेल्या प्लेटांत चुकून पुंजके राहिले होते, तिथेच थोड्या तगल्या," मी म्हणाले. "माणसाच्या पेशी एकट्या पडल्या की मरतात, सर. मी हाताने पुंजके कापते."

"भाजी निवडणार का आता?"

"हो. किडकी बाजूला, चांगली टोपलीत."

मायक्रोस्कोपखाली काचेच्या बारीक टोकाने कापायला बसले. दाट, स्वच्छ कडेचा भाग घेतला. पसरट भाग सोडला. तो आधीच दुसरे काही होऊ लागला होता. पुंजके नव्या प्लेटमध्ये, पोषण देणाऱ्या पेशींच्या थरावर ठेवले. रोज मीडियम, म्हणजे पेशींचा पोषक द्रव, बदलले. आधी सगळे ढिम्म. मग कडा फुगल्या. पुन्हा कापले, पुन्हा वाढले. एका प्लेटच्या शेल्फभर प्लेटा झाल्या!

त्यातले थोडे पुंजके वेगळे काढले. ज्या प्रथिनामुळे पेशी मूळच्याच राहतात ते मीडियममध्ये घालणे बंद केले, म्हणजे त्या दुसरे काही होऊ लागतील. पुंजक्यांचे गोळे तरंगू दिले, नंतर प्लेटला चिकटू दिले.

शेठ उल्हासनगरहून आले. त्यांचा धंदा जीन्सचा.

"मॅडम, माल दिखाओ. नहीं तो ताला."

त्यांनी डोळा लावला आणि ओरडलेच, "अरे साईं! ये तो धडक रहा है!"

धडधडत होतेच. ठिपक्याएवढा तुकडा, त्यात हृदयाच्या पेशी, आपल्या लयीत.

सामंत पाहायला वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, उद्या मलाही भाजी निवडायला बसवा."

कुलूप शेठ परत घेऊन गेले. तात्पर्य एवढेच, मुलांनो: उंदराचा नियम माणसाला लावण्याआधी माणसाकडे एकदा बघावे.