कॉफीचं मशीन आणि हर्सूलची मुलाकात

कावेरीबाईंनी मशीनचं बटण बंद केलं आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "सुमन, ये वापस लेके जाओ."

मी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात उभी होते. टेबलावर आमच्या वर्कशॉपनं बनवलेला रोस्टर होता, म्हणजे कॉफीच्या कच्च्या, हिरवट बिया घरी भाजायचं मशीन. डिझाइन माझं आणि मिलिंदचं.

कावेरीबाई कूर्गच्या. नवऱ्याची बदली इकडच्या एका नव्या कारखान्यात झाली म्हणून आलेल्या. भाऊ गावाकडून बिया पाठवायचा. हातानं फिरवायच्या पत्र्याच्या डब्यात त्या भाजायच्या. धूर सगळ्या बिल्डिंगभर व्हायचा. शेजारी तक्रार करायचे. त्यांच्या नवऱ्यानं आमच्या मालकांना, थोरातसाहेबांना, नवं मशीन बनवायला सांगितलं.

आम्ही पुष्कळ सुधारणा केल्या होत्या. भाजताना बियांचं साल सुटतं. ते डब्यातच जळतं आणि धूर करतं. म्हणून ड्रमला जाळी दिली, साल खाली ट्रेमध्ये पडावं. बिया दिसाव्यात म्हणून पुढं काच. भाजलेल्या बिया स्वतःच्याच उष्णतेनं आत भाजत राहतात, म्हणून गार करायला खाली पंख्याची जाळी. हात दुखू नये म्हणून मोटर.

"कुछ जल गया क्या?" मी विचारलं.

"नहीं. आवाज नहीं आती."

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. बी पुरेशी तापली की तडकते, लाह्यांसारखी. त्यांच्या घरी अंगणात आई भाजायची आणि सगळी भावंडं गप्प बसून पहिल्या तडतडीची वाट बघायची. आमच्या मोटरच्या घरघरीत ती तडतड बुडाली होती.

"इस घर में वो एक ही आवाज मेरे गाव की थी," त्या म्हणाल्या आणि गॅसकडं वळल्या.

वर्कशॉपमध्ये मालक वैतागले. "काच दिली ना? रंग बघून काढ म्हणावं."

"रंग धुरात कळत नाय साहेब."

"या महिन्यात जमलं तर बघा. नायतर टाका भंगारात."

मिलिंद माझ्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डवर बसायचा. मी वैजापूरकडची, धनगराची पोर. आमच्या घरात मेंढरांमागं न जाता टेबलावर बसून काम करणारी मी पहिली. मिलिंद याच शहरातला. मशीन परत आलं त्या दिवशी त्यानं पत्र्याच्या बॉडीवर हात ठेवून मोटर चालू केली. "ढोल झालाय याचा. मोटर बॉडीवर बसवली म्हणून. वेगळी काढू, पट्ट्यानं फिरवू."

शिलाई मशीनचा चामडी पट्टा आणायचं ठरलं. पण दुसऱ्या दिवशी मिलिंद आलाच नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून नामांतराचा सत्याग्रह होता. तो त्यात बसला आणि इतरांबरोबर हर्सूलच्या जेलमध्ये गेला.

मी एकटीनं मोटर वेगळ्या पायावर बसवली. पट्टा घातला. घरघर गेली. पण ड्रममध्ये बिया भरल्या की पट्टा घसरायचा. घट्ट केला तर बेअरिंग तापायचं. रोज त्याच्या रिकाम्या स्टुलाकडं बघून मी मनातल्या मनात त्याला विचारायचे. शेवटी रविवारी हर्सूलला गेले.

मुलाकातीला जाळीपलीकडं तो आला. दाढी वाढलेली.

"तुम्ही कशा आलात?"

"पट्टा घसरतोय."

तो हसला. "मोटरची पुली बारीक आहे. पट्ट्याला धरायला जागाच नाय."

"मोठी घेतली तर ड्रम पळतो. मी म्हणते, मधे एक छोटी पुली घालून पट्टा दाबावा. म्हणजे मोटरच्या पुलीला जास्त वेढा बसंल."

त्यानं जाळीवर बोटानं आकृती काढली. "सैल बाजूनं दाबा मात्र. ताणलेल्या बाजूनं नको."

"व्हय. स्प्रिंग लावते."

आजूबाजूला बायका रडत होत्या, कुणी घोषणा देत होतं. शिपाई वेळ झाली म्हणाला तेव्हा आम्ही स्प्रिंगवरच होतो. जेवण कसं असतं, हेही मी विचारलं नाही. परत येताना बसमध्ये मला नुसते त्याचे हात दिसत होते.

पुली बसली. मिलिंद सुटून आला तेव्हा मी त्याला उस्मानपुऱ्यात घेऊन गेले. कावेरीबाईंनी बिया टाकल्या. ड्रम गुपचूप फिरू लागला. आम्ही तिघंही बोलत नव्हतो. मग आतून तड् झालं. पुन्हा तड्. मग सगळ्याच बिया एकदम तडतडल्या. कावेरीबाई तोंडाला पदर लावून खिडकीशी गेल्या. मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. तेवढंच.

थोरातसाहेबांनी तशी आणखी काही मशीनं विकली, पण मिलिंदला परत घेतलं नाही. त्याला पुण्यात नोकरी लागली. जायच्या दिवशी तो माझ्या बोर्डपाशी आला. "स्प्रिंग बदलत राहा, सुमनबाई. उष्णतेनं ढिली पडते."

"व्हय," मी म्हणाले.

पुढं माझं लग्न झालं. नवरा चांगला होता, संसार नीट झाला. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं त्या दिवशी मी गेटजवळ गेले होते. लई गर्दी होती. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, पेढे भरवत होती. अंधार पडेपर्यंत मी चेहरे बघत थांबले. मिलिंद आला असेल तरी मला दिसला नाही.

परवा सुनेनं घरगुती रोस्टर आणला. हातभर उंचीचा. तापमान आकड्यात दिसतं, धूर फिल्टरमध्ये जातो, गार करायचा पंखा आपोआप सुरू होतो. पंख्याचा आवाज मात्र एवढा, की बी तडकलेली कळत नाही. मी सुनेला म्हणाले, कंपनीला कळव.

डिझाइन सुधारताना आम्ही गिऱ्हाइकाला विचारायचो, त्रास कशाचा होतो. जुन्यातलं काय राहू द्यायचं, हेही विचारायला पाहिजे. आणि ते विचारावं माणूस समोर असतानाच.